नाताळच्या आठवड्यातलं फैजपूर

१९३६ साली नाताळ शुक्रवारी आला होता. त्या दिवशी, २५ डिसेंबरला, पूर्व खानदेशातल्या फैजपूरच्या शिवारात बांबू आणि तट्ट्यांनी उभारलेल्या आवारात महात्मा गांधींनी खादी आणि ग्रामोद्योग प्रदर्शनाचं उद्‌घाटन केलं. दोन दिवसांनी तिथेच काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन सुरू झालं. तोवरची अधिवेशनं मुंबई, कलकत्ता, मद्रास, लाहोर, लखनौ अशा शहरांत झाली होती. खेड्यात भरलेलं हे पहिलं.

या अधिवेशनाचं राजकारण पुष्कळांनी लिहून ठेवलं आहे. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू काय म्हणाले, निवडणुकांबद्दल काय ठरलं, कोण कुणाच्या बाजूनं होतं, हे सगळं ग्रंथांत सापडतं. मला त्या आठवड्याकडे वेगळ्या कारणानं पाहायचं आहे. नाताळ हा देण्याचा सण. पण ज्या वर्षी देणाऱ्याच्याच घरात काही उरलेलं नसतं, त्या वर्षी माणसं एकमेकांना काय देतात? आणि घेणाऱ्याची मान खाली जाऊ न देता ते कसं देतात? फैजपूरच्या त्या आठवड्यात या प्रश्नाची तीन-चार उत्तरं एकाच जागी सापडतात, आणि ती आजही आपल्या उपयोगाची आहेत.

तारीख कुणाच्या सोयीची?

काँग्रेस आणि नाताळ यांचं नातं जुनं. पहिलं अधिवेशन भरलं ते २८ डिसेंबर १८८५ रोजी, मुंबईत, गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत. पुढची कित्येक वर्षं डिसेंबरचा शेवटचा आठवडा हाच काँग्रेसचा आठवडा राहिला. कारण सरळ होतं. नाताळात कोर्टकचेऱ्या बंद असत, वकील आणि प्राध्यापक मोकळे असत, आणि काँग्रेस तेव्हा मुख्यतः त्यांचीच होती. शेतकऱ्याला सुटी कधी असते, हा प्रश्न कुणाला पडायचं कारणच नव्हतं.

१९२९ साली लाहोरला रावीच्या काठी संपूर्ण स्वराज्याचा ठराव झाला, तो सर्वांना ठाऊक आहे. त्याच अधिवेशनात आणखी एक छोटा ठराव झाला, त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. डिसेंबरअखेरच्या थंडीत अधिवेशन भरवलं की गोरगरिबांना जादा गरम कपड्यांचा खर्च पडतो, त्यांची गैरसोय होते. म्हणून यापुढे अधिवेशन फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्यावं, असा तो ठराव. साम्राज्याला आव्हान देणाऱ्या सभेनं त्याच बैठकीत गरिबाच्या अंगावरच्या कपड्याचाही विचार केला. मला हा ठराव त्या मोठ्या ठरावाइतकाच मोलाचा वाटतो. दयाळूपणा दरवेळी काही देऊनच दाखवायचा असतो असं नाही. आपल्या सोयीमुळे दुसऱ्याच्या खिशाला चाट बसते आहे, हे वेळेवर ओळखणं आणि आपली सवय बदलणं, हासुद्धा दयाळूपणाच.

१९३६ मध्ये मात्र अधिवेशन पुन्हा डिसेंबरात आलं. एप्रिलमध्ये लखनौला एक अधिवेशन होऊन गेलं होतं आणि प्रांतिक निवडणुका तोंडावर आल्या होत्या. सातपुड्याच्या पायथ्याशी डिसेंबरात रात्री चांगलंच गारठतं. या गारठ्यात देशभरातून आलेल्या माणसांना उघड्या रानात ठेवायचं, जेवू घालायचं आणि सुखरूप परत पाठवायचं, ही जबाबदारी एका खेड्यानं घेतली होती.

भाव पडले, सारा तेवढाच

ते वर्ष कसं होतं, हे समजल्याशिवाय या जबाबदारीचं वजन कळायचं नाही. १९२९ साली अमेरिकेत सुरू झालेली मंदी जगभर पसरली आणि तिचा फटका खानदेशातल्या कापसाच्या शेतापर्यंत येऊन पोचला. पुढच्या दोन-तीन वर्षांत देशातल्या शेतमालाचे भाव जवळपास निम्म्यावर आले. सरकारी शेतसारा मात्र रोख पैशांत ठरलेला होता, तो जागचा हलला नाही. सावकाराचं व्याजही हललं नाही. म्हणजे जो शेतकरी पूर्वी दहा मण कापूस विकून सारा भरत होता, त्याला तेवढाच सारा भरायला आता वीस मण विकावा लागत होता. त्याची जमीन तेवढीच, पाऊस तेवढाच, कष्टही तेवढेच. कुठलीही चूक न करता माणूस दुप्पट कर्जबाजारी होत होता.

अशा काळात घरातल्या बाईला पहिली काटकसर आपल्या ताटातून करावी लागते. मग सणावारातून, मग मुलाच्या शाळेतून. दारात आलेल्याला भाकरी घालायची, ही रीत सर्वांत शेवटी मोडते आणि ती मोडताना घराला सर्वांत जास्त लाज वाटते. म्हणून मंदीच्या सहाव्या-सातव्या वर्षी एखाद्या तालुक्यानं सगळ्या देशाला पाहुणा म्हणून बोलावणं, ही साधी गोष्ट नव्हती.

गावानं काय दिलं?

फैजपूरच्या अधिवेशनामागे धावपळ होती ती खिरोद्याच्या धनाजी नाना चौधरींची. खिरोदा इथून जवळच, रावेर तालुक्यात. स्वागताध्यक्ष होते शंकरराव देव. अधिवेशनासाठी जे तात्पुरतं गाव वसवलं, त्याला टिळकनगर असं नाव दिलं.

गांधीजींची अट अशी होती की हे नगर खेड्यात मिळणाऱ्या वस्तूंतून आणि खेड्यातल्या कारागिरांच्या हातून उभं राहावं. त्यासाठी त्यांनी शांतिनिकेतनहून चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावून घेतलं. सोबतीला वास्तुकार म्हात्रे होते. आपल्याला काय हवं आहे हे गांधीजींनी नंदबाबूंना समजावून सांगितलं आणि ते प्रत्यक्षात कसं आणायचं हे त्यांच्यावर सोपवलं. उद्‌घाटनाच्या भाषणात त्यांनी या रचनेचं श्रेय या दोघांना जाहीरपणे दिलं.

त्या रचनेचा मालमसाला जरा जवळून पाहण्यासारखा आहे. बांबू, बांबूचे तट्टे, गवत, सुंभ. यांतलं काहीही परगावाहून, परदेशाहून आणावं लागत नाही. सातपुड्याच्या कडेला राहणाऱ्या माणसाला बांबू चिरता येतो, त्याची कामटी काढता येते, तट्टा विणता येतो, गाठ आवळता येते. शहरातल्या मंडपाला कापड, रंग, पत्रे आणि कंत्राटदार लागतो. त्याला पैसा लागतो, आणि पैसा खानदेशात नव्हता. नंदलाल बोसांनी गावाकडे जे नव्हतं ते मागितलंच नाही. जे होतं तेच मागितलं आणि त्याला सौंदर्य दिलं. अध्यक्षांची मिरवणूक सावदा स्टेशनापासून निघाली तीसुद्धा मोटारीतून नाही. बैलगाडीचाच रथ केला होता आणि तो सहा बैलजोड्या ओढत होत्या.

कठीण काळात देण्याचं पहिलं सूत्र मला इथे दिसतं. देणाऱ्याकडून त्याच्या ऐपतीबाहेरचं मागायचं नाही. ज्याच्याकडे पैसा नाही त्याच्याकडे हात आहेत, बैल आहेत, कसब आहे. ते मागितलं तर तो ताठ मानेनं देतो. वर्गणीच्या पावतीवर चार आणे लिहिताना जो संकोचतो, तोच माणूस चार दिवस तट्टे विणायला आनंदानं येतो.

याच अधिवेशनात आणखी एक देणं होतं, त्याच्याकडे पाहायला त्या काळी पुष्कळांची तयारी नव्हती. हजारो माणसं एका जागी राहतात तेव्हा त्यांचा मैला कुणीतरी उचलावा लागतो. ते काम आजवर ज्या जातीवर लादलं गेलं होतं, तिच्यावरच टाकून मोकळं व्हायचं, हा सोपा रस्ता होता. फैजपूरला कोकणातले अप्पासाहेब पटवर्धन सफाईपथक घेऊन उभे राहिले आणि सवर्ण घरांतल्या स्वयंसेवकांनी ते काम हाती घेतलं. पंगतीत वाढणाऱ्याचं कौतुक होतं. चर खणून त्यावर माती लोटणाऱ्याचं होत नाही. ज्या देण्याला टाळ्या नाहीत, त्याची पारख अशा ठिकाणी होते.

आणि साने गुरुजी. त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, कोकणातल्या पालगडचा. पण अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते शिक्षक झाले आणि खानदेशचेच झाले. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. फैजपूरच्या अधिवेशनासाठी ते गावोगाव हिंडले, माणसं गोळा केली. गांधीजींच्या हस्ते प्रदर्शन उघडलं त्याच्या आदल्या दिवशी गुरुजींना सदतीस वर्षं पूर्ण झाली होती. देण्याविषयी महाराष्ट्रात जे पुस्तक घरोघर वाचलं गेलं ते याच माणसाचं. त्यातली आई श्रीमंत नाही. घरावर कर्ज आहे, जप्तीची भीती आहे. तरी ती मुलाला शिकवते ते हेच, की आपल्यापेक्षा अडलेला माणूस दिसला की थांबायचं.

पाचशे माणसांची भाकरी

काँग्रेसच्या अधिवेशनासोबतच फैजपूरला किसान सभेचं दुसरं अधिवेशन भरलं. अध्यक्ष होते प्रा. एन. जी. रंगा. त्यासाठी पाचशेहून अधिक शेतकरी मनमाडहून पायी निघाले. वाटेतल्या गावांत सभा घेत, शेतकऱ्यांच्या मागण्या समजावून सांगत त्यांनी दोनशे मैलांहून जास्त अंतर तोडलं. फैजपूरला त्यांच्या स्वागताला नेहरू, शंकरराव देव, मानवेंद्रनाथ रॉय, आचार्य नरेंद्र देव, कॉ. डांगे, युसुफ मेहेरअली अशी मंडळी हजर होती.

पाचशे माणसं चालत येतात तेव्हा त्यांची भाकरी, पाणी आणि रात्रीचा आडोसा हा वाटेवरच्या गावांचा प्रश्न होतो. पंढरीच्या वाटेवरच्या गावांना हे शिकवावं लागत नाही. महाराष्ट्रात चालणाऱ्याला जेवू घालण्याची सवय वारीनं लावून ठेवली आहे.

त्याच वर्षी, दोन-अडीच महिने आधी, इंग्लंडमध्येही असंच एक पथक चाललं होतं. उत्तरेतल्या जॅरो गावातला जहाजबांधणीचा कारखाना बंद पडला आणि गावच्या गाव बेकार झालं. तिथले दोनशे पुरुष ५ ऑक्टोबर १९३६ ला कामाची मागणी करणारा अर्ज घेऊन लंडनकडे पायी निघाले आणि जवळपास तीनशे मैल चालून महिनाअखेरीस पोचले. वाटेत गावोगावच्या लोकांनी त्यांना जेवण दिलं, झोपायला जागा दिली. लेस्टर शहरात सहकारी संस्थेचे चांभार रात्रभर जागले आणि त्यांनी या सगळ्यांचे झिजलेले बूट एक पैसा न घेता दुरुस्त करून दिले. सकाळी माणसं पुढच्या वाटेला लागली.

लेस्टरच्या त्या कारागिरांकडे जॅरोचा कारखाना पुन्हा सुरू करण्याची ताकद नव्हती. त्यांच्याकडे आरी, दोरा आणि एक रात्र होती. ती त्यांनी दिली. पण लंडनला पोचलेल्या अर्जाचं पुढे काही झालं नाही. सरकारनं काम दिलं नाही आणि माणसं रेल्वेनं रिकाम्या हातांनी परतली. वाटेवरच्या माणसांची माया खरी होती, आणि तरीही ती एकटी पुरी पडली नाही. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असतात, हे लक्षात ठेवूनच पुढे जायला हवं.

हाताला काम

गांधीजींनी नाताळच्या दिवशी फैजपूरला धान्य वाटलं नाही, कपडे वाटले नाहीत. त्यांनी प्रदर्शन उघडलं. खेड्यात कातलेलं सूत, विणलेलं कापड, गावच्या उद्योगांतून तयार झालेल्या वस्तू तिथे होत्या. आलेल्यांनी त्या पाहाव्या, विकत घ्याव्या आणि शहरातल्या आपल्या घरी रोज वापराव्या, एवढं त्यांचं मागणं होतं. धडधाकट माणसाला फुकट खायला घालणं हा त्याचा अपमान आहे, असं ते कायम सांगत आले. त्याच्या हाताला काम द्या, त्याच्या कामाला गिऱ्हाईक द्या, भाकरी तो स्वतः मिळवील.

यापूर्वी पाच वर्षं, २५ डिसेंबर १९३१ ला, ते गोलमेज परिषदेहून पिल्स्ना या बोटीतून परतत होते. त्या नाताळच्या पहाटे सहप्रवाशांनी आग्रह केला म्हणून ते येशूविषयी बोलले. वर्षातून एक दिवस साजरा करून भागणार नाही. जगात खरी शांती रोजच्या जगण्यात उतरेल तेव्हाच त्या जन्माला अर्थ येईल, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. फैजपूरचं प्रदर्शन ही मला त्याच बोलण्याची पुढची पायरी वाटते.

ग्रामोद्योगांचं हे काम ज्यांच्या खांद्यावर होतं ते जे. सी. कुमारप्पा स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होते. जन्म तंजावरचा, शिक्षण लंडन आणि अमेरिकेतलं, पेशा हिशेबतपासनीसाचा. १९३४ च्या डिसेंबरात वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला तेव्हापासून ते त्याचे कार्यवाह होते. पुढे तुरुंगात असताना त्यांनी येशूच्या शिकवणीवर पुस्तक लिहिलं. अर्थव्यवस्थांच्या त्यांनी पायऱ्या लावल्या: सर्वांत खालची दुसऱ्याला शोषून जगणारी, आणि सर्वांत वरची सेवेची. त्या सर्वांत वरच्या पायरीसाठी त्यांनी दाखला दिला तो पिलांसाठी रानभर चारा शोधणाऱ्या आईचा. अर्थशास्त्राच्या पुस्तकात हा दाखला सापडतो तेव्हा साने गुरुजींचा श्याम आठवल्याशिवाय राहत नाही.

पण कुमारप्पांची माया भाबडी नव्हती. १५ जानेवारी १९३४ ला बिहारात भीषण भूकंप झाला. राजेंद्रप्रसादांच्या पुढाकारानं मदतनिधी जमला आणि त्याचे हिशेब कुमारप्पांकडे आले. त्यांनी स्वयंसेवकाच्या जेवणासाठी दिवसाला तीन आण्यांची मर्यादा घातली. खुद्द गांधीजी आणि त्यांची मंडळी तिथे आली, तेव्हाही त्यांच्या मुक्कामाचा खर्च भूकंपग्रस्तांच्या निधीतून होणार नाही, तो तुमचा तुम्ही करा, असं कुमारप्पांनी सांगितलं. गांधीजींनी ते मान्य केलं.

मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे दान देताना डोळे भरून येतात आणि हिशेब विचारला की मन दुखावतं. कुमारप्पांच्या लेखी हिशेब हाच दानाचा गाभा होता. कुणीतरी आपल्या घासातून काढून दिलेला पैसा ज्याच्यासाठी दिला त्याच्यापर्यंत पुरा पोचला पाहिजे. वाटेत त्यातला एक आणाही सांडला तर देणाराही फसला आणि घेणाराही.

भूक भोगलेल्यांनी उघडलेलं दार

मराठी मुलखात ख्रिस्ती दयेची आठवण काढायची तर दुष्काळांपाशी जावं लागतं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात अनंतशास्त्री डोंगरे यांचं कुटुंब दक्षिणेत अन्नान्न करत फिरत होतं. आई, वडील, थोरली बहीण, सगळी गेली. त्यातून वाचलेली मुलगी म्हणजे पंडिता रमाबाई. १८९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई स्वतः तिथे गेल्या आणि उपाशी, बेवारस मुलींना सोबत घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळात आणखी शेकडो आल्या. पुण्याजवळ केडगावला मुक्तिसदन उभं राहिलं. तिथे या मुलींना नुसतं जेवू घातलं नाही. विणकाम, छपाई, घाणा, गोठा, शेती असं एकेक काम त्यांच्या हाती दिलं. ज्यांना गावानं टाकलं होतं त्या मुलींच्या हातून छापखान्यात पुस्तकं तयार होऊ लागली.

त्याच दुष्काळात अहमदनगरला रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई यांनी अनाथ मुलांना घरात आणलं. घर श्रीमंताचं नव्हतं. महिन्याची तोंडमिळवणी करताना लक्ष्मीबाईंची तारांबळ उडायची, ते त्यांनीच ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवलं आहे. फैजपूरचं अधिवेशन ज्या वर्षी झालं त्याच वर्षी, २४ फेब्रुवारी १९३६ ला, लक्ष्मीबाई गेल्या.

रमाबाई आणि लक्ष्मीबाई या दोघींच्या देण्यात मला एक समान गोष्ट दिसते. त्यांनी वरून खाली दिलं नाही. एकीनं भूक भोगली होती, दुसरीनं ओढाताण. दारात आलेल्या पोराला काय हवं आहे हे त्यांना विचारावं लागलं नाही.

दयेचा कायदा होतो तेव्हा

फैजपूरच्या अधिवेशनाचा सर्वांत टिकाऊ ऐवज मात्र मंडपात नव्हता, कागदावर होता. तिथे शेतीविषयक कार्यक्रमाचा ठराव झाला. सारा आणि खंड कमी करा, न परवडणाऱ्या लहान जमिनींवरचा सारा माफ करा, कर्जवसुलीला तहकुबी द्या, वेठबिगार आणि बेकायदा वसुली बंद करा, कुळाला जमिनीची शाश्वती द्या, शेतमजुराला पोटभर मजुरी द्या, शेतकऱ्यांच्या संघटना मान्य करा. मंदीत बुडालेल्या शेतकऱ्यावर कुणी मेहेरबानी करावी असं या ठरावात कुठेच नाही. हे त्याचं आहे, ते त्याला मिळालं पाहिजे, असा त्याचा सूर आहे.

ठराव केला म्हणून सगळं झालं नाही. पण वाट सुरू झाली. काँग्रेसचं सरकार आल्यावर, १९३९ मध्ये, मुंबई इलाख्यात शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. आणि १९३८ मध्ये पूर्व खानदेशात पिकं बुडाली, तेव्हा सारामाफीसाठी साने गुरुजी आपल्याच पक्षाच्या सरकारपुढे उभे राहिले. ‘काँग्रेस’ नावाचं साप्ताहिक त्यांनी त्याच वर्षी अमळनेरहून सुरू केलं होतं. मित्रांची सत्ता आली म्हणून त्यांनी शेतकऱ्यासाठी भांडणं थांबवलं नाही. माया करणारा माणूस भांडू शकतो, किंबहुना त्यालाच भांडण्याचा अधिकार असतो, हे खानदेशानं तेव्हा पाहिलं.

याच वाटेवर पुढे महाराष्ट्राची रोजगार हमी योजना आहे. १९७२ चा दुष्काळ अजून आपल्या घरांतल्या आज्यांना आठवतो. खडी फोडायला, पाझर तलाव खणायला लाखो माणसं गेली. परदेशातून आलेला लाल मिलो रेशनवर मिळाला, कामावर सुकडी मिळाली. मिलोची भाकरी कुणाला आवडली नाही, पण तिनं जीव वाचवले. त्या अनुभवातून, वि. स. पागे यांच्या चिकाटीतून, १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला: जो मागेल त्याला काम. सरकार कृपा म्हणून काम देतं, ही भाषा त्या कायद्यानं बदलली.

या योजनेला पैसा कुठून आला, हे आपल्या लक्षात राहत नाही. १९७५ पासून महाराष्ट्रातल्या नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापला जातो, तो याच योजनेसाठी सुरू झाला. मुंबईच्या कचेरीतला कारकून दरमहा काही रुपये देत होता आणि त्यातून एखाद्या अनोळखी बाईच्या हाताला बांधावर काम मिळत होतं. त्यानं तिचा चेहरा पाहिला नाही, तिनं त्याचे आभार मानले नाहीत. दोघांपैकी कुणाचीही मान खाली गेली नाही. माझ्या मते देण्याची याहून शुद्ध रीत सापडणं कठीण आहे.

यंदाचा नाताळ

आज अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यानं यावलहून फैजपूरकडे जाताना दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागतात. कापसाच्या जागी केळी आली, विहिरी खोल गेल्या, ठिबक आलं. धनाजी नानांच्या नावाचं महाविद्यालय १९६१ पासून इथे उभं आहे. खिरोद्याला चित्रकला शिकवणारं सप्तपुट ललित कला भवन आहे. नंदलाल बोस ज्या पट्ट्यात बांबूला रूप देऊन गेले, तिथे शेतकऱ्यांची मुलं रंग-रेषा शिकतात, याचं मला मनापासून समाधान वाटतं.

पण बुडण्याचं भय गेलेलं नाही. मे-जूनचं एक वादळ आलं की वर्षभर जपलेली बाग तासाभरात आडवी होते. केळी साठवून ठेवता येत नाहीत, त्यामुळे भाव पाडला तरी शेतकऱ्याला माल कापावाच लागतो. १९३६ चा सारा आज नाही. बँकेचा हप्ता, खताची उधारी आणि वीजबिल आहे. भाव निम्म्यावर आला तर हप्ता निम्मा होत नाही, हे गणित मात्र तेच आहे.

डिसेंबर हा या भागात भरताचा महिना. बामणोदची हिरवी, लांबट वांगी येतात. शेतातच काड्यांचा जाळ करून ती भाजतात, साली काढतात आणि लाकडी बडगीत घालून ठेचतात. मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे पडतात, आणि मग कळण्याच्या पुऱ्या किंवा भाकरीसोबत पंगत बसते. या पंगतीला आवतन लागत नाही. बांधावरून जाणाऱ्याला हाक मारतात, ‘या, बसा, दोन घास खाऊन जा.’ मजूर, मालक, शेजारचा गडी, वाट चुकलेला पाहुणा, सगळे एका ओळीत. इथून वीस-पंचवीस किलोमीटरवर भुसावळ. रेल्वेच्या गावात नाताळच्या रात्री चर्चमध्ये दिवे लागतात आणि शेजारपाजारी फराळाची ताटं जातात. दिवाळीला ज्या ताटावर चकली-करंजी जाते, त्याच ताटावर दीड-दोन महिन्यांनी केक परत येतो.

हे सगळं टिकवायलाच हवं. २०२० च्या टाळेबंदीत महाराष्ट्रातल्या रस्त्यांवरून मजूर घराकडे चालत निघाले, तेव्हा गावोगावच्या लोकांनी त्यांना जेवू घातलं, चपला दिल्या, पाणी दिलं. तीच जुनी सवय कामी आली. पण त्या मजुरांना चालावं का लागलं, हा प्रश्न भाकरी वाढून झाल्यावर विचारायचा राहून गेला तर आपलं देणं अर्धंच राहतं.

म्हणून यंदा आपण देताना फैजपूरचं सगळं एकत्र ध्यानात ठेवावं, असं मला कळकळीनं सांगायचं आहे. ज्याच्याकडे जे आहे तेच त्याच्याकडून मागावं आणि आपल्याकडे जे आहे ते द्यावं. वेळ असेल तर वेळ, कसब असेल तर कसब. ज्याला काम देता येईल त्याला काम द्यावं, आणि त्याच्या मालाला घासाघीस न करता भाव द्यावा. दिलेल्या पैशाचा हिशेब मागावा आणि आपण जमवला असेल तर मागण्याआधी द्यावा. शेजारच्या घरात या महिन्यात चूल नीट पेटते की नाही, हे त्यांनी सांगण्याआधी ओळखावं. आणि हे सगळं करून झाल्यावर ग्रामसभेत, बाजार समितीत, बँकेच्या दारात त्याच्या शेजारी उभं राहून बोलावं. वादळानंतरचे पंचनामे वेळेवर व्हावेत, पीकविम्याचे पैसे हातात पडावेत, मागेल त्याला रोजगार हमीचं काम मिळावं, यासाठी आपण त्याच्यासोबत गेलो, तर ते आपण दिलेल्या ताटाइतकंच मोठं देणं ठरेल. ताट एका दिवसाची भूक भागवतं. पुढच्या वर्षी त्याच माणसानं आपल्या शेतात भरताची पंगत मांडून आपल्याला हाक मारावी, एवढं त्याला उभं करणं हे आपलं काम आहे.